एकोणीस सेकंदांचा रस्ता

“पण बंद का होत नाही तो? गाड्याच नाहीत तर दिवे कुणासाठी?” चित्रकलेच्या बाईंनी विचारलं.

“सिग्नल बंद होत नसतो, बाई,” सेकंदराव पेटीचं कुलूप उघडत म्हणाले. “फार तर पिवळा लुकलुकता ठेवता येतो. बंद सिग्नल म्हणजे मेलेला सिग्नल. त्याचा पंचनामा करावा लागतो.”

बाई हसल्या आणि पताकांच्या गुंडाळ्या घेऊन पुढे गेल्या. एक दिवस हा रस्ता गाड्यांना बंद ठेवायचा आणि माणसांना मोकळा सोडायचा, ही कल्पना त्यांचीच. त्यासाठी आठ महिने त्यांनी या ऑफिसातून त्या ऑफिसात खेटे घातले होते. शेवटी परवानगी मिळाली ती रविवारची, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दोन्ही टोकांना लोखंडी अडथळे लागले होते, आणि मधल्या पाऊण किलोमीटरमध्ये लोक दबकत दबकत रस्त्यावर उतरत होते, दुसऱ्याच्या घरात चप्पल घालून शिरल्यासारखे.

सेकंदराव म्हणजे सिग्नल खात्यातले मेकॅनिक. तेहेतीस वर्षं नोकरी झाली होती, चार महिने उरले होते. हे नाव त्यांना खात्यातल्या लोकांनी ठेवलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडायचं. जेवायला किती वेळ लागेल असं विचारलं तर हा माणूस “अकरा मिनिटं” असं सांगायचा, आणि अकराव्या मिनिटाला हात धुवायचा. आजचं त्यांचं काम एवढंच होतं की रस्त्याच्या मध्यावरचा, पायी ओलांडणाऱ्यांसाठीचा सिग्नल लुकलुकत्या पिवळ्यावर टाकायचा आणि घरी जायचं. घरही पन्नास पावलांवर, याच रस्त्याला लागून.

पण किल्ली फिरवता फिरवता त्यांच्या मनात आलं, तसाच चालू ठेवला तर? गाडी एकही नाही, आणि लाल माणूस लागला. थांबेल का कुणी? तेहेतीस वर्षांत हे बघायची संधी कधी आली नव्हती आणि पुन्हा येणारही नव्हती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, पेटी हळूच बंद केली आणि खिशातली वही काढून खांबाला टेकून उभे राहिले.

पहिला थांबला तो खुर्च्या वाहणारा. डोक्यावर पाच खुर्च्या, समोर अख्खा रस्ता रिकामा, आणि हा भला माणूस लाल दिव्यापुढे उभा! मागून येणारी त्याची बायको त्याच्यावर आदळली.

“अहो, कुणाची वाट बघताय?”

“लाल आहे ना.”

“मग? खुर्च्यांचा अपघात होणार आहे का?”

तरीही तो हिरवा झाल्यावरच निघाला. सेकंदरावांनी वहीत एक रेघ मारली. त्यांना एवढा आनंद झाला की धावत जाऊन त्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

दहापर्यंत वहीची दोन पानं भरली. एकटा माणूस बहुतेक थांबतो, दोघं असली की एकमेकांकडे बघतात आणि निघतात. न्हाव्याने आपली खुर्ची चक्क बसच्या मार्गिकेत मांडून दाढी करायला घेतली होती, आणि गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणत होतं, “इथे रोज माझी बस अडकते हो, अगदी इथेच.” कुणी बुद्धिबळाचे पट मांडले होते, कुणी रांगोळीचे खडू घेऊन डांबरावर बसलं होतं. आणि मुलांनी सिग्नलचा ताबा घेतला होता. हिरवा माणूस लागला की पट्ट्यांवरून पळत सुटायचं, लाल लागला की जागच्या जागी पुतळा व्हायचं. हलला तो बाद. आपला दिवा कुणी खेळायला घेईल असं सेकंदरावांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एका मुलीचा पुतळा एक पाय वर धरून डुगडुगत होता, आणि ते मनातल्या मनात तिच्यासाठी सेकंद मोजत होते.

या सगळ्यात एका गोष्टीकडे मात्र ते बघत नव्हते. समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावरची निळ्या गजांची खिडकी. तिथे त्यांची मोठी बहीण राहायची.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत ताई दर रविवारी रस्ता ओलांडून यायची, दिवसभर भावजयीशी गप्पा मारायची आणि भावाला नावं ठेवून परत जायची. मग एकदम यायची थांबली. फोनवर विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात. त्याच आठवड्यात सेकंदरावांनी तिला तिच्या बाजूच्या बाजारातून पिशवी घेऊन चालत जाताना पाहिलं. बाजाराला जायला गुडघे दुखत नाहीत, भावाकडे यायला दुखतात! त्यांच्या डोक्यात चटकन एकच गोष्ट आली ती म्हणजे मशीन. आईच्या मागे तिची शिलाई मशीन त्यांच्याच घरी राहिली होती. ताईने कधी मागितली नाही आणि त्यांनी कधी देऊ केली नाही. मनात अढी धरली असणार. “तूच ये ना इकडे,” असं ती दोन-तीनदा म्हणाली, त्यातही त्यांना टोमणाच ऐकू आला. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, त्या दिवशी ताई आली, पण टॅक्सीने. पलीकडून अलीकडे यायला टॅक्सी! पुलाखालून दीड किलोमीटरचा वळसा घालून! भावाच्या दारात पायी यायचाही कमीपणा वाटतो म्हणजे हद्द झाली, असं ते त्या दुःखातही मनाशी म्हणाले होते. मग तेही हट्टाला पेटले. बहीणभावात उरला तो बावीस मीटरचा रस्ता आणि महिन्यातून एखादा फोन.

साडेदहाला हिरवा माणूस लागला, आणि पलीकडून एक जोडी पाय पट्ट्यांवर उतरली. सेकंदराव माणसांकडे बघताना आधी पाय बघायचे, ती त्यांची धंद्याची सवय. तपकिरी चपला, उजवं पाऊल बाहेर पडणारं, डावं त्याच्या शेजारी ओढून आणायचं, मग पुन्हा उजवं. बोटाने आपोआप मनगटावरच्या घड्याळाची कळ दाबली. सात. बारा. मुलं त्या पायांना वळसे घालून पळत होती. एकोणीसला लाल झाला, तेव्हा त्या चपला जेमतेम निम्म्या रस्त्यात पोचल्या होत्या.

मुलं जागच्या जागी थिजली. आणि त्यांच्या मधोमध त्या चपलाही थांबल्या.

सेकंदरावांनी मान वर केली. भर रस्त्यात, दहा-बारा पुतळ्यांच्या घोळक्यात, हातातली पिशवी अधांतरी धरून ताई पुतळा झाली होती. ओठ घट्ट मिटलेले, हसू आवरत. काही सेकंद ती तशीच राहिली, मग “मी बाद, बाळांनो,” म्हणून पुन्हा उजवं, डावं, उजवं करत निघाली. फूटपाथला पोचली तेव्हा त्यांनी कळ दाबली.

“शेहेचाळीस,” ते म्हणाले. दोन वर्षांनी समोर आलेल्या बहिणीशी दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचेना.

“काय शेहेचाळीस?”

“तुला लागलेले सेकंद. थांबलीस त्याचे आठ धरून.”

“अजून तस्साच आहेस,” ताई म्हणाली आणि खांबाला धरून दम घेऊ लागली. “पाणी दे आधी.”

पाणी पिऊन झालं. सेकंदराव घड्याळाकडे बघत होते. आठ वजा केले तरी अडतीस. अडतीस आणि एकोणीस. या दोन आकड्यांत काहीतरी होतं ते हळूहळू त्यांच्या ध्यानात यायला लागलं.

“ताई, तू... यामुळे येत नव्हतीस?”

“मग कशामुळे?” तिला नवल वाटलं. “गुडघे दुखतात म्हणून सांगितलं होतं ना तुला.”

“बाजारात तर जातेस!”

“बाजारात पन्नास वेळा थांबते मी. तिथे कुणी हॉर्न मारत नाही.” ताईने दिव्याकडे पाहिलं. “आधी जमायचं रे. मग तो हिरवा माणूस फारच घाईत यायला लागला. एकदा मधेच अडकले. बसवाला बिचारा थांबला, पण मागचे थांबेनात. पिशवीतले टोमॅटो रस्ताभर. त्यानंतर धीरच झाला नाही.”

सेकंदरावांना सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी इथे गाड्यांच्या रांगा लागतात म्हणून वरून पत्र आलं होतं. ओलांडायची वेळ चौतीस सेकंद होती, ती कमी करा. आकडा ठरवायला ते स्वतः आले होते. घड्याळ लावून या पट्ट्यांवरून चालून पाहिलं, सतरा सेकंदांत पार. वर दोन ठेवले, सांभाळून. रांगा मोडल्या. खात्याने कौतुक केलं, वर्तमानपत्रात पेटीशेजारी उभा असलेला त्यांचा फोटो आला. दुसऱ्या कुणाला चालायला लावून बघावं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

“मला सांगायचं नाही का? एका शब्दाने?”

“काय सांगू? फोटो आला होता तुझा. मी कात्रीने कापून कपाटात ठेवलाय. फोनवर कसा नाचत होतास, ‘ताई, पंधरा सेकंद वाचवले, पंधरा!’ त्यावर मी काय म्हणायचं, की त्या पंधरांत मी होते?”

सेकंदरावांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. बहिणीच्या पायांना अहंकार चिकटवून सहा वर्षं ते ताठ मानेने या खांबाखालून ये-जा करत होते. पण तोंडातून भलतंच निघालं.

“मला वाटलं, तू मशीनवरून रुसलीस.”

“कुठली मशीन?”

“आईची. शिलाईची.”

ताई आधी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग एवढ्या मोठ्यांदा हसली की न्हाव्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने डोळे उघडले. “अरे देवा! मला सुईत दोरा ओवता येत नाही आता, मी मशीन घेऊन काय करू? डोक्यावर मारून घेऊ?”

“मग ठीक आहे,” सेकंदराव म्हणाले आणि रुमालाने नाक पुसलं.

तो दिवस ताईने पुरेपूर वसूल केला. रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून ती चहा प्यायली. “इथून आपली दोन्ही घरं एकदम दिसतात की!” म्हणाली. इतकी वर्षं या रस्त्यावर राहून तिने ती अशी कधी पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नव्हती. मग भावाच्या घरी गेली, भावजयीच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली, स्वयंपाकघरातले डबे उघडून नाकं मुरडली, खिचडी टाकली. जेवण झाल्यावर मशीनवरची धूळ पदराने पुसत म्हणाली, “हिला तेल तरी घाल रे, आईला काय वाटेल.” बहीणभाऊ सहा वर्षांचं बोलणं एका दुपारी बोलत बसले, आणि घड्याळाकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही, सेकंदरावांचंसुद्धा.

बाहेर पहिला हॉर्न वाजला.

ताई ताडकन उठायला गेली आणि गुडघा धरून पुन्हा बसली. “सहा वाजले का? अरे, मला आधी सांगायचंस! आता मी कशी जाऊ?” तिचा चेहरा एकदम बदलला होता. टोमॅटो सांडले त्या दिवशी तो असाच झाला असेल, हे सेकंदरावांना न सांगता कळलं.

ती दोघं खांबापाशी आली तेव्हा अडथळे हटले होते आणि खडूच्या चित्रांवरून गाड्या सुसाट निघाल्या होत्या. चित्रकलेच्या बाई फूटपाथवर पताका गोळा करत होत्या.

“हात धर,” ताई म्हणाली. “तू सोडून ये पलीकडे.”

“नको. तू एकटीच जा.”

“एकटी?”

सेकंदरावांनी खिशातून किल्ली काढली आणि पेटी उघडली. दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता : पायी ओलांडणे, १९. शेजारी हाताने चालवायचं बटण होतं, पोलिसांसाठी, मोठ्या लोकांच्या गाड्यांचे ताफे जातात तेव्हासाठी. ते दाबून धरलं की दोन्ही बाजूंच्या गाड्यांना लाल. त्यांनी दाबलं. ब्रेक करकरले, गाड्या उभ्या राहिल्या, आणि हिरवा माणूस लागला.

“जा.”

“किती वेळ आहे?” ताईने विचारलं.

“तुला लागेल तेवढा.”

ती उतरली. उजवं, डावं, उजवं. एकोणीस सेकंद झाले असतील. सेकंदरावांनी घड्याळाचा हात मुद्दाम पाठीमागे नेला होता. एक हॉर्न वाजला, मग चार वाजले. “अहो, काय बिघडलाय का सिग्नल?” एक जण काच खाली करून ओरडला.

“दुरुस्त करतोय,” सेकंदराव म्हणाले.

ताईच्या मागोमाग काठीवाला एक म्हातारा अलगद फूटपाथवरून उतरला. मग कडेवर एक आणि हाताला एक अशी मुलं घेतलेली बाई. ही दोघं किती दिवसांपासून या खांबाखाली उभी राहून मागे फिरत होती, कोण जाणे. उद्या ऑफिसात अर्ज द्यायचा, सेकंदरावांनी ठरवलं. मान्य झाला तर उत्तम. नाहीतर किल्ली परत करायला चार महिने आहेत, तोवर रविवार येतीलच.

रस्त्याच्या मध्यावर, सकाळी जिथे ती पुतळा झाली होती तिथे, ताई क्षणभर थांबली. या वेळी दम घ्यायला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, दोन्ही बाजूंच्या गाड्यांकडे निवांत नजर टाकली आणि पुन्हा चालू लागली.

पलीकडच्या फूटपाथवर चढून ती वळली. काठीवाला आणि ती मुलांची बाई वर येईपर्यंत थांबली, आणि मग हात उंच करून चौकातल्या पोलिसासारखा हलवला. सोड आता.

सेकंदरावांनी बटण आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.