न मोजलेले रविवार

"वाच की, गड्या. सोपं लिहिलंय," वर्कशॉपचा मालक क्रेग म्हणाला. पत्र माझ्याकडे सरकवून तो पुन्हा पावात गुंडाळलेलं सॉसेज खाऊ लागला. पत्राच्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्यावरल्या सॉसचा लाल डाग उमटला होता.

पत्रात लिहिलं होतं, की रॉडेल मागपांताय आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून दोन वर्षं साडेनऊ महिने कुशल काम करत आहे.

"तीन वर्षं झाली," मी म्हणालो. "गेल्या शुक्रवारी पुरी झाली."

"अकरा आठवडे वजा केलेत. बिनपगारी रजेवर होतास ना? कायमचं राहायचं तर तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. रजा म्हणजे काम नव्हे. नियम काय मी केलेत?"

त्या अकरा आठवड्यांत मी माझ्या आजारी बायकोला, मारिविकला, उचलून संडासात नेत होतो. ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत होतो. आल्याची पेज चमच्याने भरवत होतो, आणि ती बाहेर आली की पुन्हा भरवत होतो. शेवटच्या आठवड्यात तेही थांबलं.

"आणि रविवार?" मी विचारलं. "शंभराच्या वर रविवार आलोय मी इथे."

"हजेरीच्या कार्डावर आहेत?"

"नाहीत. पण तूच फोन करायचास. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग? ते पगाराची चिठ्ठी मागणार. तू कधी मागितलीच नाहीस." त्याने बोटं पँटला पुसली. "तुझी बायको ते तळलेले रोल पाठवायची ना, काय झकास असायचे. पोरं अजून आठवण काढतात."

मी पत्र घेऊन बाहेर आलो.

चूक माझीच होती, तेच जास्त सलत होतं. क्रेगने मला माझ्या गावाहून, लिंगायेनहून, इथे परदेशात आणलं, वर्षभरात मारिविकला आणायच्या कागदांवर सह्या केल्या. आमच्यात असा उपकार झाला की माणूस तो मनात धरून बसतो. कुणी मागायच्या आधीच फेडायला लागतो, आणि फेडताना पावती मागणं म्हणजे निलाजरेपणा. पहिल्या रविवारी क्रेगचा फोन आला, "जरा एक ट्रेलर बघतोस का?" मी गेलो. पुढच्या रविवारीही गेलो. मारिविक म्हणायची, "जा, नाही म्हटलंस तर वाईट दिसेल." वर त्याच्या पोरांसाठी डबा भरून द्यायची. आजारी पडल्यावरही तिने स्टुलावर बसून ते रोल वळले.

गुरांचे ट्रेलर धुऊन आणतात म्हणे. पण सांध्यांत शेण राहतंच. ज्योत लागली की ते जळतं, आणि तो वास केसांत बसतो. रविवारी संध्याकाळी घरी आलो की ती उशी दुसऱ्या बाजूला ओढायची. आता वाटतं, तिच्याजवळ बसायचे दिवस मी जळक्या शेणात घातले.

दुपारच्या सुट्टीत बोयेतला पत्र दाखवलं. तो आमच्याच गावाकडचा, वर्कशॉपमध्ये रंगकाम करतो. त्याने ते दोनदा वाचलं.

"दादा, तू वेल्डर नाहीस, पाद्री आहेस. दर रविवारी फुकट सेवा."

"हसू नकोस."

"हसत नाहीये. सोड ही नोकरी. दुसरीकडे जा."

"दुसरीकडे गेलो की तीन वर्षं पहिल्यापासून. इथे राहायचा परवाना नोव्हेंबरला संपतो."

"मग घरी जा सरळ. घर आहे, समुद्र आहे, भाऊ आहेत. इथे काय आहे तुझं?"

"मारिविक आहे," मी म्हणालो.

त्याने पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. तिनेच सांगून ठेवलं होतं, माझं पेटीतलं ओझं विमानाने नेऊ नका, इथेच ठेवा. गावाबाहेर, धान्याच्या कोठारांच्या मागे, दफनभूमीच्या कुंपणाआड तिला ठेवलंय. परवाना संपला तर मला ते कुंपण पुन्हा दिसणार नाही.

रविवारी सकाळी मी तिचे कपडे खोक्यात भरत होतो. आमच्याकडे परदेशातून घरी खोकी पाठवतात, साबण, चॉकलेट, डबाबंद मांस. या खोक्यात फक्त तिच्या बहिणीसाठी कपडे होते. बाहेर हॉर्न वाजला. क्रेगने गाडी फाटकाला लावली होती, इंजिन चालूच.

"फोन का उचलत नाहीस? चल, ट्रेलर सकाळपासून उभा आहे. उद्या गुरं भरायचीत त्यात."

"कार्ड लावशील?"

"रविवारचं?" तो हसला. "हे बघ गड्या, रागावू नकोस. मी विचार केला. त्या अकरा आठवड्यांचं काय एवढं? तू कामावर होतास असं लिहून टाकतो. कोण बघायला येणार आहे? पुढच्या आठवड्यात अर्ज भरून मोकळा हो."

एका क्षणी मी फाटकाच्या कडीवर हात ठेवला. खरंच ठेवला. माझी सगळी अडचण त्या एका ओळीत संपत होती. मग मनात आलं, ती ओळ सरकारी कागदात कायमची राहील. तिला उचलून नेत होतो तेव्हा मी ट्रेलरखाली होतो, असं कुठल्या तरी फायलीत लिहिलेलं राहील, आणि त्याखाली माझी सही.

"मी कामावर नव्हतो," मी म्हणालो.

"अरे, ते मलाही ठाऊक आहे. म्हणूनच तर—"

"मी घरी होतो. तसंच राहू दे."

त्याचं तोंड उतरलं. "म्हणजे आणखी अकरा आठवडे माझ्याच हाताखाली काढायचेत तुला. विसरू नकोस."

"काढीन. सोमवार ते शुक्रवार. कार्डावर."

तो काहीतरी पुटपुटला आणि गेला. धूर बराच वेळ फाटकाशी राहिला.

मी आत आलो. तिचा पिवळा ब्लाउज पलंगावर पडला होता. ती बाह्या आत घेऊन, मग कॉलर वर ठेवून अशी काही घडी घालायची की कापडावर एक सुरकुती नसे. मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पहिली घडी वाकडी झाली. उलगडली, पुन्हा घातली. पुन्हा उलगडली. त्या सकाळी मला दुसरं कुठे जायचं नव्हतं.