मावशीच्या वतीने

विद्यापीठात मी सामाजिक न्याय आणि समाजसेवा शिकते. म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं की मी इतकं सविस्तर सांगते, की विचारणारा पाणी प्यायला म्हणून उठतो तो परत येतच नाही. आमच्या मॅडमचा पहिला नियम असा की कुणाच्याही वतीने बोलायचं नाही. ज्याचा प्रश्न, त्यानेच बोलावं, आपण फक्त जागा करून द्यावी. वर्गात आम्ही एकमेकांना इतकी जागा करून देतो की अख्ख्या तासात कुणी तोंड उघडत नाही. मॅडम म्हणतात, छान चर्चा झाली.

अशात माझ्या सख्ख्या मावशीवर वेळ आली. ती आमच्याच इमारतीत तळमजल्याच्या खोलीत पाळणाघर चालवते. मीही तिथेच रांगले, धडपडले आणि दुसऱ्यांचे खाऊचे डबे फस्त केले. आता काही रहिवाशांना तिथे व्यायामाची यंत्रं बसवायची होती. रविवारच्या सभेत काय ते ठरणार होतं. मावशी खोलीभर पोरांना एका हाकेत गप्प करते, पण चार मोठी माणसं समोर दिसली की तिचीच दातखीळ बसते.

"तू बोल ना माझ्या वतीने," ती म्हणाली. "एवढी शिकतेयस."

"मावशी, तसं केलं तर मी तुझा आवाज हिरावून घेतला असं होईल."

"अगं शहाणे, हिरावतेस कसली? मीच देतेय ना!"

पण मी ऐकते कसली! तिची तालीम घ्यायची असं मी ठरवूनच टाकलं. कडेवर कुणाचं तरी रडकं पोर घेऊन ती भिंतीसमोर उभी राहून बोलायची आणि मी खुर्चीत बसून मान डोलवायचे. समाजसेवा करताना बसायला खुर्ची लागते, हे तेव्हाच मला कळलं.

सभेत तिचं नाव पुकारलं. ती उठली. "मी..." म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी हसून जागा करून दिली. ती पुन्हा "मी..." म्हणाली. मी आणखी जागा दिली. मग ती मटकन खाली बसली.

"बरं, मग खोली व्यायामाला द्यायची असं ठरलं," सेक्रेटरी म्हणाले.

मला भडभडून आलं. नियम गेला खड्ड्यात!

"थांबा!" मी ओरडले, आणि जी सुटले ती सुटलेच. "एकटी बाई आहे हो! नवरा नाही, मूलबाळ नाही, गुडघे गेलेत. या वयात कुठे जायचं तिने? बिचारीच्या तोंडचा घास काढून तुम्ही दंड फुगवणार?" मॅडमनी वर्ज्य केलेला एकही शब्द मी सोडला नाही. मध्येच रडले, नाक शिंकरलं आणि पुन्हा रडले. पुढच्या रांगेतल्या काकू पदराने डोळे पुसायला लागल्या.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "राहू दे बिचारीला. यंत्रं गच्चीवर लावू."

झालं! खोली वाचली. मला आकाश ठेंगणं झालं. उद्या वर्गात हे कसं सांगायचं, त्याची वाक्यं मी जिन्यातच जुळवायला घेतली.

खोलीत मावशी पोरांच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"बघ, जिंकलो की नाही?" मी म्हटलं.

"हो गं. खोली राहिली, बरं झालं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "माझे गुडघे सांगितलेस. नवरा सांगितलास. खोटं काही नव्हतं त्यात."

तिने आणखी एक दुपटं झटकलं.

"तिथे बसलेल्या निम्म्या लोकांची पोरं माझ्या हाताखाली वाढली. मी पोरं चांगली सांभाळते, तेवढंच सांगायचं होतं मला."