प्रभूशी धरलेला अबोला

बस स्टँडवर तिला सगळे घोषणाबाई म्हणत. फलाटावरची गाडी सुटते आहे, असं तिने माईकवर म्हटलं की चहा पीत बसलेले ड्रायव्हरसुद्धा कप ठेवून पळायचे. रविवारी हाच आवाज चर्चमध्ये लागायचा आणि तिथे माईकचीही गरज नसे. गाणं उचलायची ती, चढवायची ती आणि संपवायचीही तीच. बाकीची मंडळी मागून धापा टाकत यायची. शेजारी उभा राहणारा तिचा नवरा स्वभावाने गरीब आणि धंद्याने शिंपी. तो नुसते ओठ हलवतो, असं तिचं ठाम मत होतं, आणि त्यापायी त्याने तिचं कोपर अनेकदा खाल्लं होतं.

मग तिच्या घशात गाठ झाली. गाठ साधी निघाली, काढलीही, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मी पुन्हा तपासेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही. आवाज परत येईल की नाही, ते तेव्हाच कळेल." आवाज गेला तर नोकरीही जाणार, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. मुकी घोषणाबाई कोण ठेवून घेणार?

तिचा राग थेट वर गेला. जन्मभर ज्या गळ्याने तुझी स्तुती केली, नेमका तोच सापडला तुला? शेजारणीचा गळा रिकामाच होता की! एवढं मनातल्या मनात ऐकवून तिने प्रभूशी अबोला धरला. आता गंमत बघा, आवाजावाचून तिचं ऐकू शकणारा तो एकटाच, आणि बाईंनी कट्टी केली ती त्याच्याशीच. रागावलेल्या माणसाला एवढा पोच कुठला?

घरात टाळ्यांची भाषा ठरली. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही आणि तीन म्हणजे तुम्हाला काही कळत नाही. तीन टाळ्यांचा खप सर्वांत जास्त होता.

जेवणाआधीची प्रार्थना आजवर तीच करायची, भाजी गार होईपर्यंत. आता ती शिंप्याच्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी तो डोळे मिटून म्हणाला, "प्रभू, कापड कमी आहे, पण बेतणारा तू आहेस. जेवण दिलंस, ही समोर बसलीय. आभारी आहे. आमेन." तिने तीन टाळ्यांसाठी हात उचलले होते, ते तसेच खाली ठेवले. इतकी गरम भाजी तिने लग्नानंतर पहिल्यांदाच खाल्ली.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रभूने केलेल्या कृपेची साक्ष कुणाला द्यायची आहे?" आणि काय आश्चर्य, शिंपी उठला. चार लोकांत कधी नाव न सांगणारा माणूस!

"माझ्या बायकोचा आवाज बंद झाला," तो घाम पुसत म्हणाला, "त्याबद्दल मी प्रभूचे आभार मानतो."

त्याला म्हणायचं होतं ते गाठ साधी निघाली त्याबद्दल. पण दोन वाक्यांची शिवण भलत्याच जागी बसली. मागच्या बाकावरून कुणा नवऱ्याने मनापासून "आमेन" म्हटलं. घोषणाबाईला तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती ताडकन उठली आणि तिने दोन सणसणीत टाळ्या वाजवल्या. नाही!

मंडळींना ही भाषा कुठली ठाऊक? त्यांना वाटलं, बाई स्तुतीच करतेय. अख्खं चर्च टाळ्या वाजवू लागलं. तिने चिडून तीन वाजवल्या, तर त्यांना ठेकाच मिळाला, आणि पेटीवाल्याने गाणं धरलं.

गाणं उचलायला ती नव्हती, त्यामुळे जो तो आपापल्या पट्टीत गाऊ लागला. त्या गोंधळात तिच्या कानाशी एक आवाज आला. जाडाभरडा, बेसूर, पण एकही शब्द न गाळणारा. तिने वळून पाहिलं. नवरा डोळे मिटून गात होता, आणि कडव्यांमागून कडवी त्याला तोंडपाठ होती. म्हणजे इतकी वर्षं हा गातच होता! तिच्या आवाजाखाली बिचारा ऐकूच येत नव्हता, आणि वर कोपर खात होता.

तिला हसू आवरेना. आवाज न करता ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. 'प्रभू, काय रे हा सूर!' ती मनात म्हणाली. 'इतकी वर्षं तू हे ऐकून घेतलंस? धन्य आहे तुझी!'

मग लक्षात आलं, अबोला मोडला. मोडला तर मोडला. किती दिवसांचं साठलं होतं! आधी तिने आपली भीती सांगितली, मग नोकरीचं रडगाणं गायलं. मग गाठ साधी निघाली त्याबद्दल, गरम भाजीबद्दल आणि या बेसूर माणसाबद्दल आभार मानले. आवाज परत दे, असं मागितलं. नाही दिलास तरी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही, असंही सांगून टाकलं. तिला फार हलकं वाटलं. पण प्रार्थना काही संपेना. घरी जाताना चालू, भांडी घासताना चालू, आणि तपासणीला डॉक्टरीणबाईंसमोर बसली तेव्हाही चालूच.

"आता बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनात येईल ते काहीही."

तिने तोंड उघडलं. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा, खरखरीत, पण तिचाच आवाज बाहेर आला.

"आमेन."

डॉक्टरीणबाईंनी शिंप्याकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू आलं का?"

शिंप्याने बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द फुटेना. शेवटी त्याने एक टाळी वाजवली.