मागे फिरायची खूण

बंड्याने काळा कोट चढवला, व्हायोलिनच्या गजाला राळ लावली आणि दाराच्या फटीतून सभागृहात डोकावला. "ताई, बरीच डोकी जमलीयत गं. अर्धी टकली आहेत, पण आहेत!"

सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला बंड्या म्हणणारी आता जगात एकटी ताईच उरली होती. ती हसली आणि पियानोवरचे कागद पुन्हा एकदा नीट लावू लागली.

भावाने व्हायोलिन वाजवायचं आणि बहिणीने पियानो, हे त्यांचं लहानपणापासून चालत आलेलं. ऐन तारुण्यात दोघांनी एका म्हाताऱ्या वादकाची फजिती पाहिली होती. लोक गालातल्या गालात हसत होते आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. बंड्याने त्याच दिवशी ताईकडून वचन घेतलं. "माझं वाजवणं बिघडलं की तू सांगायचंस. लोकांकडून कळता कामा नये. तुझं बिघडलं तर मी सांगेन."

आता ते सांगायची वेळ आली होती. चष्मा काय, किल्ल्या काय, कोणीही विसरतं. पण बंड्या अलीकडे सरावात वाजवता वाजवता वाट चुकायचा आणि आपण चुकलो हे त्याला कळायचंही नाही. 'बंड्या, आता थांबूया का रे?' एवढं एकच वाक्य. ताईने ते आरशासमोर घोकून ठेवलं होतं. त्याच्यासमोर मात्र तिची जीभ रेटत नव्हती. आजचा कार्यक्रम पार पडू दे, मग सांगते, असं ती स्वतःची समजूत घालत होती. एरवी कुणाचं न ऐकणारी ही बाई, भावापुढे अगदीच भित्री!

रंगमंचावर ताईच्या शेजारी वहिनी, म्हणजे बंड्याची बायको, पानं उलटायला बसली. बंड्याला कागद लागत नसे. सगळं पाठ, आणि त्याचा तोरा केवढा!

पहिला भाग झोकात झाला. मग संथ भाग आला. तो तर बंड्याचा हातखंडा. त्यात एका जागी उभी रेघ आणि दोन टिंबं अशी खूण आहे. तिथे पोचलं की मागे जाऊन तेवढा तुकडा पुन्हा वाजवायचा आणि दुसऱ्या वेळी सरळ पुढे जायचं. बंड्या खुणेपाशी आला, मागे गेला. दुसऱ्यांदा आला आणि परत मागे गेला.

ताईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तिची बोटं मात्र त्याच्या मागोमाग गेली. वहिनीने मुकाट्याने पान मागे फिरवलं. बंड्या डोळे मिटून वाजवत होता आणि सूर इतके गोड लागत होते की ताईला भडभडून आलं. तिसऱ्यांदा खूण आली. तो पुन्हा मागेच. आता पहिल्या रांगेतल्या संगीतशिक्षिकेने शेजारणीकडे पाहिलं.

हा असाच फिरत राहणार, हे ताईने ओळखलं. लहानपणी रस्ता ओलांडताना तो मध्येच थबकायचा, तेव्हा ती त्याचं मनगट धरून त्याला ओढायची. आता हात पियानोवर होते. खूण जवळ येताच ती जरा आधीच पुढच्या तुकड्यात घुसली, डाव्या हाताने, चांगल्या दणक्यात. त्या नाजूक जागी तो आवाज असा आदळला की लोक दचकले. बंड्याचा गज क्षणभर अडला. मग तो तिच्या मागे आला आणि शेवटपर्यंत कुठे चुकला नाही.

टाळ्या झाल्या. संगीतशिक्षिका ताईकडे बघून हळहळत मान हलवत होती.

आतल्या खोलीत तिघंच उरल्यावर बंड्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं, दार लावलं आणि खुर्ची ओढून तो ताईसमोर बसला. ताईने मनाचा हिय्या केला. "बंड्या, ऐक—"

"थांब. आधी मी बोलतो, नाहीतर माझा धीर सुटेल." त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आज तू मध्येच घुसलीस गं. किती जोरात! सरावातही तुझी गडबड होते, मीच बोललो नाही. पण आपलं ठरलं होतं ना? लोकांनी सांगायच्या आत…" त्याचे डोळे भरून आले. "ताई, आता थांबूया का गं?"

"अहो, त्यांचं नाही, तुमचंच—" वहिनी बोलून गेली. ताईने पियानोचं पेडल दाबावं तसा तिच्या पावलावर पाय दिला.

ताईची बोटं अजून धडधाकट होती. तिला कितीतरी वाजवायचं होतं. कुणी दुसरा व्हायोलिनवाला मिळालाही असता.

"हो रे," ती म्हणाली. "थांबूया. मला नाही जमत आता."

"मग मीही थांबलो. तुझ्याशिवाय कुणाबरोबर वाजवू?"

इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला आवरेना. बंड्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? वयानुसार होतं असं," तो म्हणाला. "आणि काळजी करू नकोस. मी कुणाला सांगणार नाही."