गुरुवारची नोंद

बाबा बुधवारी सकाळी गेले. त्यांच्या वहीत मात्र पुढच्या रविवारपर्यंतचं बीपी लिहिलेलं होतं.

वही मीच दिली होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, गोळी आहेच, पण रोज चालणं हवं, वेळेवर झोप हवी, दहा मिनिटं शांत बसून श्वास घ्यायला हवा, आणि सगळ्याची नोंद ठेवा. मी पट्टी घेऊन रकाने आखले. दर रविवारी मी माझ्या गावाहून फोन करायचे आणि बाबा आठवडा वाचून दाखवायचे. वरचा एकशे अठ्ठावीस, खालचा ब्याऐंशी. चालणं चाळीस मिनिटं. झोप चांगली. मी म्हणायचे, शाब्बास. त्याच आकड्यांवर विसंबून डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.

बाबा कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. तिथले फिटरकाका भेटायला आले तेव्हा मी त्यांना वहीचं शेवटचं पान दाखवलं. त्यांनी ते बघितलं आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"वाफेचा दाब तासातासाला तक्त्यात लिहायचा असतो, पोरी. आम्ही सोमवारीच अख्खा आठवडा भरून टाकतो. साहेब फक्त रिकामी चौकट शोधतो. हाताला तीच सवय."

"आणि सकाळचं चालणं?"

"पाळी सातची, पण तुझा बाप सहाला हजर. व्हॉल्व्ह गळतोय, रात्रपाळीवाला पेंगतोय. साहेब म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. पुढचा महिना काही उजाडेना. ह्याला घरी चैन पडायचं नाही."

हे मी आईला सांगितलं नाही. तिने ती वही न उघडताच कपाटात, बाबांच्या इस्त्रीच्या शर्टांवर ठेवली होती. अधूनमधून कपाट उघडून नुसती बघायची. तिच्या स्वतःच्या गोळ्या तिने बंद केल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात मी जबरदस्तीने तिचं बीपी मोजलं, तर वरचा आकडा एकशे चौऱ्याऐंशी.

"आई, गोळी."

"ठेव तिकडे."

"कालचीही तिकडेच आहे."

"मग तिला सोबत झाली."

"निदान गच्चीवर दहा मिनिटं चल."

"तुझ्या बाबांनी काय कमी चालून बघितलं? एक दिवस खाडा नाही. मी उठायच्या आत बीपी मोजून, ते श्वासबिस उरकून, बूट घालून बाहेर. ह्यांच्यासारख्या शिस्तीच्या माणसाला फळलं नाही, ते माझ्यासारख्या गबाळीला काय फळणार? उगाच भुणभुण लावू नकोस."

ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली. तिचा घोटा सुजलेला दिसत होता. गप्प राहिले तर आईही हातची जाणार होती. बोलले तर जे बाबा तिच्याजवळ उरले होते, तेही मी काढून घेणार होते. मी कपाट उघडलं.

आईने चष्मा लावला. ओळींवरून बोट फिरवत ती बुधवारवर थांबली, मग खाली सरकली.

"गुरुवारी तर आपण ह्यांना..." ती म्हणाली. तिने तोंडावर पदर धरला आणि पुढचं मोठ्याने वाचलं. "झोप चांगली."

मग मी तिला तक्त्याचं सांगितलं. सहाच्या हजेरीचं सांगितलं. अर्ध्या केलेल्या गोळीचंही.

"हे मला का दाखवलंस?"

"तू गोळ्या सोडल्यास म्हणून."

"मला वाटायचं, एवढं सगळं करूनही गेले. त्यात त्यांचा काही दोष नव्हता." तिने वही मिटली. "तेवढंच होतं गं माझ्याकडे."

तासाभराने तिने गोळी घेतली, माझ्याकडे न बघता. शनिवारी म्हणाली, "आता तू जा. तुझी नोकरी आहे. माझं मी मोजीन."

आता दर रविवारी मी आईला फोन करते. ती आठवडा वाचून दाखवते. एकशे अडुसष्ट. एकशे बाहत्तर. चालणं पाच मिनिटं. झोप नाही. आकडे वाईट आहेत, म्हणून खरे असतील, असं मी स्वतःला समजावते. पण मला राहवत नाही.

"आई, आत्ता मोज. फोन मशीनशेजारी ठेव."

"पोलिसातच जायला हवं होतंस तू," ती म्हणते, पण ठेवते.

पट्टा फुगतो त्याची घरघर मला ऐकू येते. मग हवा सुटायला लागते. मग बराच वेळ काहीच नाही.

"एकशे एकाहत्तर," आई म्हणते. "लिहून घे तूही."