सतरा ड्राइव्ह, नऊ रकाने

माझा गुडघा कापायचा की नाही, हे गुरुवारी ठरणार होतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, चार वर्षांपूर्वीचा स्कॅन आणा. तेव्हापेक्षा बिघडलं असेल तर ऑपरेशन, नाहीतर नुसता व्यायाम. पण सीडी आणू नका, माझ्या कॉम्प्युटरला सीडी घालायची सोयच नाही. पेन ड्राइव्हवर उतरवून आणा."

उतरवायला घरचा कॉम्प्युटर होता, पण त्याचा सीडी ड्राइव्ह मेलेला. बटण दाबलं की आतल्या आत कुरकुरायचा, कप्पा काही बाहेर यायचा नाही. नवा आणायचा, एवढंच काम. पण माझ्या घरात एक इंजिनीयर मुलगा आणि त्याहून मोठा इंजिनीयर जावई. म्हणजे झालंच काम!

मुलगा म्हणे, कॉम्प्युटरच्या पेटीच्या आत बसणारा घ्यायचा. जावईबापू म्हणे, बाहेरून वायरीने जोडायचा. कुठला वेगाने फिरतो, कुठला आवाज कमी करतो, यावर दोघांनी इतका आवाज केला की शेजारीण डोकावून गेली. मग तक्ता झाला. सतरा ड्राइव्ह, नऊ रकाने. सून निवडताना एवढी चौकशी केली असती तर मुलगा अजून बिनलग्नाचाच असता.

"अरे, काळा घ्या, पांढरा घ्या, पण घ्या एकदाचा," मी म्हटलं.

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

खरंच आहे. मी तिसरी शिकलेली. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवून याला शिकवलं, ते त्याला तरी कळावं म्हणून.

असे तीन आठवडे गेले. माझं नाव घातलेलं सीडीचं पाकीट तक्त्याशेजारी तसंच पडून. शेवटी बुधवारी दुपारी दोघं पेटी उचलून दुकानात गेले आणि नवा ड्राइव्ह बसवून आले. घरी मुलाने बटण दाबलं. कप्पा सुळकन बाहेर आला. बापूंनी टाळी वाजवली. मुलाने पाकीट उघडलं.

आत काहीच नाही.

नऊ रकाने भरले, पण सीडी जागेवर आहे का, हे बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मला मात्र आठवलं. गेल्या उन्हाळ्यात टेबल पुसताना सीडी उघडीच सापडली होती. बटण दाबलं, कप्पा बाहेर आला, त्यात बरोबर तिच्या मापाचा गोल खळगा. मापाचं काम मला नजरेनं कळतं. ठेवली आत, लावला कप्पा. त्यानंतरच तो उघडेनासा झाला.

"जुन्या ड्राइव्हमध्ये बघितलंत का?" मी साळसूदपणे विचारलं.

बापूंचा चेहरा उतरला. "तो दुकानदाराने भंगारात टाकला, आई. भंगारवाला संध्याकाळी येणार आहे."

गुडघा धरून मीही गाडीत बसले. कुठल्या रस्त्याने लवकर पोचू, यावर दोघांची पुन्हा जुंपली.

"तक्ता नको," मी म्हटलं. "सरळ चल."

भंगारवाला पोतं भरतच होता. दुकानदाराने आमचा ड्राइव्ह शोधून काढला. "पुढे हे बारीक भोक आहे ना, त्यात तार दाबली की कप्पा सुटतो. थांबा, तार बघतो."

"किती जाडीची लागते?" मुलाने लगेच मोबाइल काढला.

मी पिशवीतल्या डबीतून जाड सुई काढली. "इथंच ना?"

"हो आजी. सरळ दाबा."

दाबली. कप्पा बोटभर सुटला, मी नखानं ओढला. माझा गुडघा आत चकचकीत पडलेला.

गुरुवारी डॉक्टरांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावून बराच वेळ पाहिलं. "विशेष फरक नाही, आजी. कापायचं नाही. व्यायाम मात्र चुकवायचा नाही."

घरी आल्यावर मुलाच्या डोक्यात उजेड पडला. "पण आई, ती सीडी ड्राइव्हमध्ये ठेवली कुणी?"

मी पाय लांब केला.

"शोधा की. दोघं आहात. तक्ता करा."