साठ जागांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर पाढे कुणी लिहिले नाहीत. मी तुरुंगाच्या फाटकाशेजारी टांगलेला आहे. वर पांढऱ्या रंगात लिहिलंय, ‘जागा साठ’. खाली रोज सकाळी आतल्या माणसांचा आकडा खडूने लिहितात.

मला इथल्याच एका सुतार कैद्याने बनवलं. तेव्हा आकडा अठ्ठावन्न होता आणि येणारेजाणारे माझी वाहवा करत. पुढे तो एकशे अठ्ठेचाळीस झाला. माणसं पाळीपाळीने झोपू लागली. तपासणीला साहेब आले की माझ्यावर टॉवेल वाळत पडे. मला भारी राग येई, पण फळ्याला विचारतो कोण?

आकडा लिहिणाऱ्या शिपाईमामांना एक खोड होती. ‘करू सावकाश’ म्हणत ते हातातला कागद माझ्या पाठीमागे खोचत.

भेटीच्या दिवशी आत असलेल्या एका गवंड्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन समोरच्या बाकावर बसे.

“सुटकेचा कागद आला का हो?”

“आला की सांगतो ना, ताई.”

अहो, तो कागद माझ्या पाठीला टोचत होता! गवंड्याला दवाखान्यात नेलं होतं त्या दिवशी तो हुकूम आला आणि मामा खोचून विसरले. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

मग नव्या जेलरबाई आल्या. “मामा, नुसता आकडा नको. कोण कशापायी अडकलंय तेही लिहा.”

“मॅडम, लिहून का माणसं कमी होतात?”

“फळा उतरवा. रकाने आखू.”

मला उतरवलं आणि पाठीमागून सुटकेचे तीन हुकूम खाली पडले. मामांनी गवंड्याच्या हुकमावरची तारीख वाचली. “एकोणीस दिवस! आत्ताच त्या ताईला नाही म्हणालो मी.”

“तुमच्या चुकीची नोंद मी करणारच. आधी त्या तिघांना बाहेर आणा.”

मामा पळतच गेले. गवंडी बाहेर आला, तर मुलीने बापाला ओळखलंच नाही. ती रडू लागली आणि तोही.

आता माझ्यावर रकाने आहेत. कुणाचा जामीन झाला, कुणाची तारीख हुकली, सगळं दिसतं. तीन दिवस ज्याचं काम हलत नाही, त्याच्यासाठी मामा स्वतः कोर्टात ठाण मांडतात. आकडा सत्त्याण्णववर आलाय. तो साठ होईपर्यंत मी भिंत सोडणार नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी शिपाई होईल, कुणी न्यायाधीश. हाती कुणाच्या सुटकेचा कागद आला, तर आधी तो पोचवा, मग जेवायला बसा.